हात कॅनबेरावर, कान कशावर?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देतो.

"काका, मी तेवीस वर्षांची आहे. दिवसा एका अकाउंटंटच्या ऑफिसात काम करते आणि रात्री जेवणं उरकली की प्लॅस्टिकची स्केल मॉडेल्स करते. सध्या टेबलावर कॅनबेरा या जेट विमानाचं १:७२ चं मॉडेल आहे, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं. आपल्या हवाई दलाची कॅनबेरा करायची आहे. आमच्या घराखालीच बाबांची यंत्रमागाची शेड आहे, टॉवेलचे माग. रात्रपाळी असली की खटखट चालूच असते. म्हणून मी कानात इअरफोन घालते आणि आवाज बराच वाढवते. काही ऐकलं नाही तर माझा हात चालत नाही, आणि ऐकलं की चुका होतात. एक रहस्यकथा ऐकत होते, त्या नादात नाकात वजन घालायचंच राहिलं, ते नसलं की मॉडेल शेपटीवर बसतं. फ्यूजलाजचे, म्हणजे विमानाच्या धडाचे, दोन्ही अर्धे चिकटवून झाल्यावर लक्षात आलं. त्याआधी चाकाचं एक झाकण उलट्या बाजूला बसवलं होतं. आजी म्हणते, मी टीव्हीवरची तेलुगू मालिका ऐकत हजार विड्या वळते, एक बिघडत नाही, तुलाच का जमत नाही? एक मित्र म्हणतो, मॉडेल शांततेतच करायचं असतं. दुसरा म्हणतो, विमान ज्या काळातलं त्याच काळातली गाणी लाव, त्याच्या इंजिनाचा आवाज लाव. तुम्ही काय ऐकता? मी काय ऐकावं? आणि माझी कॅनबेरा आता वाचेल का?"

अगं, तुझ्या आजीपासूनच सुरुवात करतो, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यांच्या मांडीवरच्या सुपात आहे.

विडीचं पान फर्म्यावर धरून कापायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा आणि पुढचं पान उचलायचं. वर्षानुवर्षं हेच केल्यावर बोटांना काही सांगावं लागत नाही. मजुरी हजार विड्यांवर ठरते, त्यामुळे हात थांबवायची सोय नसते. हात गुंतलेले आणि डोकं मोकळं, अशा कामात माणूस कंटाळून जातो, आणि त्या मोकळ्या डोक्याला मालिका लागते. त्यात चुकीचं काहीच नाही. तंबाखूच्याच धंद्यातलं एक उदाहरण तुझ्या आजीला जरूर सांग. क्यूबामध्ये हवानाच्या 'एल फिगारो' या चिरूट कारखान्यात १८६५ साली एक पद्धत सुरू झाली. चिरूट वळणाऱ्या कामगारांना एक जण मोठ्यानं वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवायचा, आणि त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून द्यायचे. हातानं वळायचं, कानानं गोष्ट ऐकायची. पुढे ही पद्धत तिथल्या इतर कारखान्यांतही गेली आणि टिकली. आपल्याकडे बायका पहाटे जात्यावर बसून ओव्या म्हणायच्या, तीही हीच गोष्ट. खुंटा फिरवायला डोकं लागत नाही, म्हणून सासर, माहेर, पंढरीचा विठोबा सगळं त्या ओव्यांत आलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या जमवल्या.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये बीबीसीनं यावर बराच विचार केला होता. जून १९४० पासून त्यांनी कारखान्यांतल्या कामगारांसाठी रेडिओवर खास संगीत लावायला सुरुवात केली, दिवसातून दोनदा, अर्धा अर्धा तास. ओळखीच्या चाली, सारखा ठेका, एकदम चढणारा किंवा एकदम पडणारा आवाज नको, असा त्यांचा कटाक्ष होता. ज्यात ऐकणाऱ्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात असं एक लोकप्रिय गाणं त्यांनी या कार्यक्रमापुरतं बंद केलं, कारण टाळ्यांच्या जागी कामगार हातातली हत्यारं बाकावर आपटतील अशी भीती होती. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. गाणं चांगलं की वाईट हे त्यांनी पाहिलंच नाही. ऐकणाऱ्याच्या हातात त्या वेळी काय आहे, एवढंच पाहिलं. तूही तेवढंच पाहायचंस.

आता तुझं काम आणि आजीचं काम वेगळं कुठे होतं ते सांगतो. मॉडेल हे एकच काम नाही. स्प्रूवरून (सुटे भाग जिला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरून) भाग कापणं, त्यांची टोकं घासणं, पुट्टी घासून सांधा सपाट करणं, हे आजीच्या विडीसारखंच आहे. पण सूचनापत्रक वाचणं, कोणता भाग आधी आणि कोणता नंतर हे डोक्यात धरणं, डावं-उजवं ओळखणं, 'हे चिकटवण्याआधी ते आत घाल' हे लक्षात ठेवणं, याला डोक्यातला एक वेगळा कोपरा लागतो. आपण मनातल्या मनात बोलून तो चालवतो. 'भाग अठरा, मग एकोणीस, मग वजन, मग बंद' असं आपण स्वतःशी म्हणत असतो. कानात दुसरं कुणी बोलत असेल तर नेमकं हेच मनातलं बोलणं पुसलं जातं. मानसशास्त्रज्ञ १९७० च्या दशकापासून हे प्रयोगशाळेत पाहत आले आहेत. लोकांना अंक किंवा अक्षरं क्रमानं लक्षात ठेवायला सांगायची आणि मागे कुणाचं तरी बोलणं चालू ठेवायचं, की चुका वाढतात. लक्ष देऊ नका असं बजावलं तरी वाढतात. १९७६ च्या एका प्रयोगात ते बोलणं ऐकणाऱ्याला न कळणाऱ्या भाषेत होतं, तरीही वाढल्या. त्यामुळे 'मराठी कथा नको, कोरियन लावते, कळतच नाही ना' ही पळवाट चालणार नाही.

तुझं वजन राहिलं ते याच कारणानं. रहस्यकथा तर आणखी वाईट, कारण पुढे काय होणार याची ओढ लावण्यासाठीच ती लिहिलेली असते. दोन क्रमांपैकी एकच डोक्यात राहू शकत होता, आणि लेखकानं आपलं काम चोख केलं होतं.

यावरून शांततेचा आग्रह धरणारा तुझा मित्र बरोबर ठरतो का? मला तसं वाटत नाही. १९९४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. ५० शल्यचिकित्सकांना मनात भराभर वजाबाक्या करायला लावल्या. एकदा स्वतः निवडलेलं संगीत लावून, एकदा प्रयोग करणाऱ्यांनी निवडलेलं लावून, एकदा काहीच न लावता. स्वतः निवडलेल्या संगीतात त्यांची उत्तरं सगळ्यात जलद आणि अचूक आली, आणि नाडी व रक्तदाबावरचा ताणही सगळ्यात कमी दिसला. हे सगळे संगीत ऐकत शस्त्रक्रिया करण्याची सवय असलेले डॉक्टर होते आणि प्रयोग ऑपरेशन थिएटरात झाला नव्हता, तेव्हा त्यातून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण 'काही ऐकलं नाही तर माझा हात चालत नाही' असं तू लिहितेस, ते मला खरं वाटतं. दिवसभर आकडे तपासून आलेल्या माणसाला रात्री टेबलावर बसल्या बसल्या स्थिरता येत नाही. ओळखीचं संगीत ती लवकर आणतं. ते सोडू नकोस. फक्त हातातलं काम बदललं की कानातलं बदल.

मी काय ऐकतो असं विचारलं आहेस. मी विमानं करत नाही, रेल्वे करतो, आणि तीही आपल्याच जिल्ह्यातली बार्शी लाइट रेल्वे. कुर्डुवाडी ते बार्शी ही लाइन १८९७ ला सुरू झाली. तिच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. १:८७ मध्ये ते नऊ मिलिमीटरच्या जवळ बसतं, त्यामुळे बाजारात मिळणारा नऊ मिलिमीटरचा रूळ वापरता येतो आणि वरचे डबे हातानं करावे लागतात. डब्याच्या बाजूच्या फळ्या दाखवायला प्लॅस्टिकच्या पट्टीवर एकसारख्या रेघा कोराव्या लागतात, एका डब्याला शेकड्यांनी. त्या वेळी मी बोलणं ऐकतो. मुलाखती, क्रिकेटची कॉमेंट्री, इतिहासावरची व्याख्यानं, काहीही चालतं. घासकामाला तर मी मुद्दाम मित्राला फोन लावून स्पीकरवर ठेवतो. त्याचंही त्याच्या घरी घासकाम चालू असतं, आणि तास कसा गेला ते दोघांनाही कळत नाही.

चिकटवायची वेळ आली की बोलणं बंद. तेव्हा वाद्यसंगीत, आणि त्यातही आलाप किंवा विलंबित. बासरी, संतूर, सरोद, जे आवडेल ते. द्रुत गतीत रंग चढायला लागला, तबला-सतारीची जुगलबंदी सुरू झाली की हात आपोआप तिच्या मागे धावतो. तुला फिल्मी गाणीच आवडत असतील तर तीही चालतील, पण शंभरदा ऐकलेली असू देत. पाठ झालेल्या गाण्याचे शब्द कान टिपत बसत नाही, नव्या गाण्याचे टिपतो. माझ्याकडे चिकटवण्याच्या वेळची एक वेगळी यादी आहे आणि तिच्यात मी नवीन काही घालत नाही. मूळ सूचनापत्रकावर मात्र एक काम आधीच करून ठेव. लाल पेनानं 'थांब' लिहिलेल्या छोट्या चिठ्ठ्या, जिथे काहीतरी कायमचं बंद होणार आहे त्या चित्रावर चिकटव. फ्यूजलाज, पंखाचे दोन पापुद्रे, कॉकपिटवरची काच. तिथे पोचलीस की संगीतही बंद कर, क्रमांक मोठ्यानं म्हण आणि मगच सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक चिकटवायचा द्रव, लाव. माझी बायको पलीकडच्या खोलीतून ऐकत असते, 'वजन घातलं, चाक घातलं' असं मी एकटाच बोलतोय म्हणून. पण त्यानं काम होतं.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. या छंदात कान हे स्वतःच एक हत्यार आहे, आणि गाण्यांच्या सगळ्या चर्चेत ही गोष्ट हरवते. निपरनं (बारीक कटरनं) भाग कापताना 'टक्' असा स्वच्छ आवाज आला तर पातं धारदार आहे. आवाज बोथट आला तर प्लॅस्टिक चिरडलं जातंय आणि कापल्या जागी पांढरा डाग पडणार. ओल्या सँडपेपरनं सांधा घासताना सुरुवातीला खरखर येते आणि पृष्ठभाग एकसारखा झाला की आवाज मऊ होतो. बोट फिरवण्याआधीच ते कानाला कळतं. तांदळाच्या कणीएवढा भाग चिमट्यातून उडाला तर तो फरशीवर कुठे टिचकला हे फक्त कानच सांगतात. टेबलाखाली टॉर्च घेऊन तासभर शोधणारे बहुतेक जण इअरफोन घातलेले असतात, हे मी अनेकांच्या घरी पाहिलं आहे.

एअरब्रशच्या, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या ब्रशच्या, वेळी तर कान उघडेच हवेत. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो, हवा कोरडी असते, वर पंखा फिरत असतो. अशा हवेत ॲक्रिलिक रंग ब्रशच्या टोकाशीच सुकायला लागतो. त्याची पहिली खूण डोळ्यांना दिसत नाही. आधी फवाऱ्याचा एकसारखा 'फस्स' तुटायला लागतो, त्यात फुरफुर येते, आणि त्यानंतर दोन-चार सेकंदांत मॉडेलवर शिंतोडे उडतात. ती फुरफुर ऐकून बोट उचललं आणि टोक पुसलं तर रंग वाचतो. कॉम्प्रेसरचंही तसंच. टाकी भरली की तो आपोआप बंद व्हायला हवा. तो थांबेनासाच झाला तर पाइपमध्ये कुठेतरी गळती आहे किंवा दाब ओळखणारं बटण बिघडलं आहे. कानात गाणी असताना हे कळत नाही. म्हणून रंगाच्या वेळी कानात काही नको. फार सुनंसुनं वाटलं तर खोलीच्या कोपऱ्यात आकाशवाणी हळू आवाजात लाव. रेडिओचा मोठा गुण हा, की रंगाच्या बोटांनी सारखं काही निवडत बसावं लागत नाही.

इथेच तुझ्या घराबद्दल एक सावधगिरी. खाली शेडमध्ये सुताचे तंतू उडत असतात. ते ओल्या रंगावर बसतील, ही एक अडचण. लॅकर थिनरची वाफ पेट घेते, आणि खाली मोटारी आणि स्विच आहेत, कापसाची धूळ आहे, हा खरा धोका. ॲक्रिलिकवरच राहा. थिनर वापरावाच लागला तर गच्चीवर, माग बंद असताना, तोंडाला रंगकामाचा फिल्टरवाला मास्क लावून.

आता आवाज वाढवण्याबद्दल. तुझ्या पत्रातल्या बाकी सगळ्या गोष्टी मॉडेलच्या आहेत, ही तुझ्या कानांची आहे, म्हणून जरा थांबून वाच.

यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज सहज नव्वद डेसिबलच्या वर जातो. कारखान्यांसाठी आपल्याकडे आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा घातलेली आहे, यावरून तो किती हे लक्षात येईल. वरच्या खोलीत तो कमी होत असेल, पण धोट्याचा ठोका फरशीतून चढतोच. त्या आवाजावर मात करायला तू गाणं त्याच्याही वर नेतेस. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे: ८० डेसिबलला आठवड्यातून ४० तास ऐकलं तर चालतं, पण ९० डेसिबलला फक्त ४ तास. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. तू रोज रात्री दोन तास बसत असशील तर आठवड्याचा वाटा दोन रात्रींत संपतो. कानाच्या आतल्या ज्या पेशी यात मरतात त्या परत उगवत नाहीत. आणि सगळ्यात आधी ज्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं ती चार हजार हर्ट्झच्या आसपासची, म्हणजे 'स', 'फ' यांसारख्या आवाजांची पट्टी. एअरब्रशची 'फस्स'ही त्याच बाजूची.

उपाय उलटा करायचा. आधी बाहेरचा आवाज अडव, मग आत हळू गाणं लाव. कान पूर्ण झाकणारे हेडफोन किंवा कानात घट्ट बसणारे रबरी टोकाचे इअरफोन घे. आवाज कापणारे महागडे हेडफोन पंखा, कूलर, कॉम्प्रेसर अशा एकसुरी घुमणाऱ्या आवाजावर फार छान चालतात. मागाच्या सुट्या ठोक्यावर ते तितके चालत नाहीत, तिथे कान झाकणारी जाड गादीच जास्त उपयोगी पडते. फोनमध्ये डेसिबल दाखवणारं ॲप घालून एकदा आपली खोली मोजून बघ. ते तंतोतंत नसतं, पण अंदाज येतो. आणि टेबलाखाली जाड चादरीची घडी टाक, ठोका बराच मरतो. त्यासाठी चादर कुठून आणायची हे सोलापूरच्या मुलीला सांगायला नको.

बाबांनाही एकदा कानांच्या तपासणीला घेऊन जा. तू त्यांच्याबद्दल काही लिहिलेलं नाहीस, पण मागावर आयुष्य काढलेल्या माणसांना टीव्ही मोठा लागतो आणि घरातले त्यावरून चिडतात, हे पूर्व भागातल्या किती घरांत चालतं ते मला माहीत आहे. शेडमध्ये जाताना फोमचे बोळे घालायची सवय लागली तर उरलेलं ऐकू येणं टिकतं. तपासणी सोपी असते, एका बंद खोलीत बसून शिट्ट्यांसारखे आवाज ऐकायचे आणि बटण दाबायचं.

शिवाय माग थांबतो तेव्हाची शांतता तुझ्या हातात आहे. पाळी बदलताना, वीज गेलेली असताना, सुट्टीच्या दिवशी सकाळी. डिकल त्या वेळेसाठी राखून ठेव. पाण्यात भिजवून सरकवायचं पातळ पापुद्र्यासारखं ते चित्र, फरशीची थरथर आणि कानातला ठेका दोन्ही त्याला सोसत नाहीत. गणपतीत आणि गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत गल्लीत स्पीकर लागलेले असतील तर त्या आठवड्यात डिकलचा विचारच करू नकोस, भाग घासत बस.

दुसरा मित्र म्हणतो तसं, विमानाच्या काळातली गाणी. ही कल्पना मला मनापासून आवडते, पण ती कामाच्या आधीसाठी आहे. बार्शी लाइटची पंढरपूरपर्यंतची लाइन १९०६ ला झाली आणि वारीच्या दिवसांत ती गाडी वारकऱ्यांनी भरून जायची. ते डबे करायला घेण्याआधी मी अभंग आणि हरिपाठ ऐकतो. डब्यात कोण बसलं होतं, खिडकीतून काय पाहत होतं, याचं चित्र मनात येतं, आणि मग डब्याला किती मळ दाखवायचा, पायरी कुठे झिजलेली दाखवायची, हे आपोआप सुचतं. तूही तसं कर. आपल्या हवाई दलात कॅनबेरा १९५७ ला आली आणि २००७ ला निवृत्त झाली. पन्नास वर्षं. एवढ्या काळात विविध भारती सुरू होऊन (तीही १९५७ चीच) ट्रान्झिस्टरवरून मोबाइलवर आली. त्या विमानावर ज्यांनी काम केलं त्या निवृत्त लोकांच्या मुलाखती मिळतात, त्या भाग धुताना आणि कापताना ऐक. विमान कशासाठी उडत होतं हे कळलं की ते नीट करावंसं वाटतं.

इंजिनाचा आवाज मात्र काम करताना लावू नकोस. कॅनबेराचं एव्हॉन इंजिन काडतुसाच्या स्फोटानं सुरू व्हायचं. एकदम धडाका, काळा धूर, आणि मग चढत जाणारी शीळ. तो आवाज अंगावर काटा आणतो, आणि तुझ्या हातात तेव्हा सुरी असेल.

फोनबद्दल थोडंसं. व्हिडिओ लावायचा असेल तर स्क्रीन पालथी ठेव, नाहीतर मान सारखी वळते. जाहिरात मध्येच दुप्पट आवाजात येते, म्हणून आधी उतरवून घेतलेलं ऐक. आणि घरात कुणी हाक मारली तर कळावी म्हणून चिकटवण्याचं काम नसेल तेव्हा एक कान रिकामा ठेव.

आता कॅनबेरा. वाचेल, काळजी करू नकोस. आधी वजन किती लागेल ते काढ. पंख, शेपूट, इंजिनं सगळं मास्किंग टेपनं तात्पुरतं लाव. मागची चाकं जिथे येणार तिथे खाली एक आडवी पेन्सिल ठेवून विमान तोल धरतं का बघ. नाकावर टेपनं एक एक नाणं चिकटवत जा. नाक खाली आलं की ती नाणी उतरवून वजन कर, आणि त्याहून थोडं जास्त धर, कारण रंग, पुट्टी आणि बारीक भाग शेवटी शेपटीकडे भार घालतात.

ते वजन आत घालायला दोन वाटा आहेत. नाकाची काच अजून बसवली नसशील तर तिच्यामागच्या पडद्याला भोक पाडून. बसवली असशील तर पुढच्या चाकाच्या खोबणीच्या छतातून. तिथलं भोक पुढे चाक आणि झाकणं लागल्यावर दिसत नाही. भोक हातानं फिरवायच्या ड्रिलनं पाड, मोटरच्या ड्रिलनं प्लॅस्टिक वितळतं. आत घालायला सायकलच्या दुकानात मिळतात ते पोलादी छर्रे घे. शिशाचे छर्रे जड असतात म्हणून मोह होईल, पण ते पांढऱ्या डिंकात कधीच घालू नकोस. बंद जागेत शिसं आणि पांढरा डिंक यांची हळूहळू प्रक्रिया होते, शिशावर पांढरी बुरशीसारखी पूड धरते, ती फुगते, आणि काही वर्षांनी कपाटात ठेवलेल्या विमानाचं नाक सांध्यावर उकलतं. पोलादी छर्रे आणि दोन भाग मिसळायचं इपॉक्सी, हेच कर. एकदम सगळं ओतू नकोस, इपॉक्सी घट्ट होताना गरम होतं आणि पातळ प्लॅस्टिक वाकवू शकतं. थोडे छर्रे, थोडं इपॉक्सी, विमान नाकावर उभं करून डब्यात टेकवायचं, थंड झालं की पुढचा थर.

उलट्या बाजूला बसलेल्या झाकणाच्या सांध्यावर बारीक ब्रशनं पातळ सिमेंट सोड, थोडं मऊ झालं की पात्याच्या पाठीनं हलकेच उचक. एका दमात निघालं नाही तर पुन्हा सिमेंट लाव, जोर करू नकोस. निघाल्यावर रात्रभर वाळू दे आणि मगच घास.

विमान कोणत्या वर्षाचं करणार आहेस ते ठरवलं की कळव. रंगसंगती त्यावर ठरेल, आणि रंग घेण्याआधी आपल्याला त्यावर बोलता येईल.